पाण्याची दारे आणि माझी भाची

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा माझी भाची दीड वर्षाची होती आणि तिची तहान भागत नव्हती. १२ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून शहरात पोहोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरणाचा तळ तोवर उघडा पडला होता आणि पाणवठ्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून त्याआधीच्या महिन्यातच शहरात जमावबंदी लागली होती. बहिणीचे सासर औसा तालुक्यात. तिथे टँकर गावच्या विहिरीत रिकामा होत असे आणि त्यानंतर तासाभरात, पोहऱ्यांची झुंबड ओसरेपर्यंत, ज्याच्या हाती जेवढे लागेल तेवढ्यावर त्या घराचा दिवस निघत असे. सात माणसांच्या त्या घरात दिवसाला पाच घागरी येत. अंघोळीचे पाणी म्हशीला आणि भांडी विसळलेले पाणी परसातल्या लिंबाला जाई.

अशा घरात एक दीड वर्षाचे लेकरू दिवसभर पाण्यामागे धावत होते. दूध पुढे केले की ती तोंड फिरवी आणि रांजणाकडे बोट दाखवी. बादलीत उरलेले अंघोळीचे पाणी तिने ओंजळीने पिताना बहिणीने दोनदा पाहिले होते. एकदा तर ती म्हशीच्या हौदाच्या काठाला ओठ लावून उभी होती. प्यायलेले पाणी तासाभरात लघवीवाटे बाहेर जाई, लघवीला ना रंग असे ना वास, आणि पुन्हा ‘पानी, पानी’ सुरू होई. वजन वाढत नव्हते. बद्धकोष्ठ कायमचे होते. उन्हाळा लागला की कारण नसताना ताप चढे, आणि तापावर प्रतिजैविकांच्या बाटल्या येत. आत्या एकदा वैतागून म्हणाली होती, “लेकराच्या पोटात फुटका रांजण हाय जणू, वरून वता, खालून चालला.”

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि माझ्या बहिणीची सासू. आमच्याकडे मुलगी आत्याच्या घरी दिली की माहेरची माणसे निर्धास्त होतात. बहिणीच्या लग्नात, २०११ साली, मांडवातले प्रत्येक जण हेच बोलत होते. या नात्याकडे मला पुढे परत यायचे आहे.

गावाजवळच्या एका दवाखान्यात सांगण्यात आले की मुलीला पाण्याची सवय लागली आहे, पाण्याने पोट भरते म्हणून ती खात नाही, तेव्हा रात्रीचे पाणी बंद करा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि ऐकणाऱ्यांचाही. आत्याने रांजणावर जड झाकण ठेवले, तांब्या फडताळात वर नेला, आणि मुलगी रडून रडून झोपली. दुसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी ती उठेना. डोळे खोल गेले होते, जीभ लाकडासारखी कोरडी होती, अंग भट्टीसारखे तापले होते आणि तशाही अवस्थेत तिचे लंगोट ओले होते. ही शेवटची गोष्ट बहिणीच्या मनात अडकली. इतक्या कोरड्या पडलेल्या शरीरातून पाणी अजून बाहेर का जाते आहे, हा प्रश्न तिने मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या भेटलेल्या डॉक्टरांना विचारला, आणि माझ्या मते निदानाची सुरुवात तिथेच झाली.

रक्तातले सोडियम १६४ निघाले. ते १३५ ते १४५च्या दरम्यान असायला हवे. शरीरातले पाणी निघून गेले की उरलेल्या पाण्यात मीठ दाट होते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. मला वाटले होते, आता भराभर सलाइन लावतील आणि मूल शुद्धीवर येईल. डॉक्टरांनी मात्र दोन दिवस घेतले. दाट रक्ताशी मेंदूच्या पेशी हळूहळू जुळवून घेतात आणि आपल्या आतही विरघळलेली द्रव्ये साठवतात. अशा वेळी रक्त अचानक पातळ केले तर पाणी या पेशींत घुसते आणि मेंदू सुजतो. तहानेने बेशुद्ध झालेल्या मुलीला थेंब मोजून पाणी दिले जाताना आम्ही अठ्ठेचाळीस तास बाहेरच्या बाकावर बसून होतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. ‘मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रतिमूत्रल संप्रेरक स्रवते आणि त्यामुळे मूत्रपिंडात पाण्याचे पुनःशोषण वाढते,’ हे वाक्य मी फळ्यावर किती वर्षे लिहीत आलो आहे याची गणती नाही. परीक्षेत ते दोन गुणांना येते. त्या बाकावर बसल्यावर मला जाणवले की ‘पुनःशोषण वाढते’ या दोन शब्दांत पाणी नक्की कुठून आत येते, हे मी कधी स्वतःलाही विचारले नव्हते. त्यानंतरची दोन वर्षे मी जे वाचत गेलो ते त्याच दोन शब्दांच्या आतले आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसभरात जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. पंधरा लिटरची घागर धरली तर ते बारा घागरी भरते, म्हणजे त्या उन्हाळ्यात बहिणीच्या घरी दोन दिवसांत मिळून येत त्यापेक्षाही जास्त. यातले जेमतेम दीड लिटर आपण लघवीवाटे टाकतो; बाकी सारे पाणी शरीर परत घेते. गाळलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा गाळणीला जोडलेल्या बारीक नलिकेच्या सुरुवातीच्या भागातच परत येतो, आणि ते काम अहोरात्र, कोणाच्याही आज्ञेशिवाय चालू असते. खरा निर्णय होतो तो शेवटच्या टप्प्यावर, संग्राहक नलिकेत. इथवर पोहोचलेले पाणी जाऊ द्यायचे की अडवायचे, हे शरीरात त्या घटकेला पाणी किती आहे यावर ठरते, आणि ते अडवण्याचे साधन म्हणजे बाराव्या गुणसूत्रावरच्या एका लहानशा जनुकापासून तयार होणारे प्रथिन. त्याचे नाव ॲक्वापोरिन-२, जनुकाचे नाव एक्यूपी-२. प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची साखळी, आणि ही साखळी अवघ्या २७१ अमायनो आम्लांची आहे.

पेशीचे पटल मेदाचे असते, आणि तेलातून पाणी सहज जात नाही. तरीही काही पेशींतून पाणी इतक्या वेगाने का वाहते, हे कोडे शास्त्रज्ञांपुढे अनेक दशके होते. काही जणांना त्यासाठी खास वाटा असल्याचा संशय होता, काही जण पाणी पटलातूनच झिरपते एवढ्यावर समाधानी होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्रे हे ऱ्हीसस रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत असताना, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांच्या नमुन्यात एक अनाहूत प्रथिन पुन्हा पुन्हा येऊ लागले. आधी ते ऱ्हीसस प्रथिनाचाच तुटलेला तुकडा असावा असे त्यांना वाटले. पण तांबड्या रक्तपेशींत ते विपुल होते, मूत्रपिंडातही होते, आणि त्याचे काम काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. जॉन पार्कर या त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले की या दोन्ही जागी पाणी झपाट्याने ये-जा करते, तेव्हा ही पाण्याची वाट असू शकेल.

मग जो प्रयोग झाला तो मी आता दरवर्षी वर्गात सांगतो, अभ्यासक्रमात नसला तरी. आफ्रिकेतल्या एका पाणबेडकाची अंडी गोड्या पाण्यात राहूनही फुगत नाहीत, कारण त्यांचे पटल पाणी आत घेत नाही. ॲग्रे यांच्या गटाने अशा अंड्यांत या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते तयार करण्याचा निरोप, सोडला, अंड्याने ते प्रथिन तयार करून आपल्या पटलात बसवले, आणि मग ती अंडी शुद्ध पाण्यात ठेवली. शेजारची साधी अंडी जशीच्या तशी राहिली. प्रथिन असलेली अंडी फुगत गेली आणि काही मिनिटांत फुटली. १९९२ साली हे प्रसिद्ध झाले आणि २००३ साली ॲग्रे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, रॉडरिक मॅकिनन यांच्यासह. ते पहिले प्रथिन ॲक्वापोरिन-१. माणसात या कुळातली तेरा प्रथिने आहेत. डोळ्याच्या भिंगात एक, लाळेच्या ग्रंथीत एक, मेंदूत एक, अशी ती जागोजागी वाटली गेली आहेत. संग्राहक नलिकेतले ॲक्वापोरिन-२ जपानी संशोधकांनी १९९३ साली उंदरात शोधले.

या वाटेची रचना वाचताना मी कितीतरी वेळ त्याच पानावर थांबलो होतो. मधोमध अरुंद असलेल्या वाळूच्या घड्याळासारखी ती आहे, आणि सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी पाण्याच्या एका रेणूपुरतीच असते. रेणू एकामागे एक, एका रांगेत जातात. तरीही ॲक्वापोरिन-१च्या एका वाटेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू पार होतात. पाण्याहून मोठे काही त्यातून जात नाहीच, पण आणखी एक बंदोबस्त आहे. पाण्याच्या रेणूंची सलग रांग असली की तिच्यावरून प्रोटॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सहज उड्या मारत जातो, आणि तसे झाले तर पेशीचा आम्लतेचा सारा तोल क्षणात ढासळेल. म्हणून वाटेच्या मध्यावर प्रथिन प्रत्येक रेणूला धरून त्याची कूस बदलते, रांगेतला हातात हात तिथे सुटतो, आणि पाणी पुढे जाते, प्रोटॉन जात नाही. अशा चार वाटा जवळजवळ उभ्या राहून एक चौकडी होते. प्रत्येकीला आपले स्वतंत्र भोक असते.

ॲक्वापोरिन-२चे वेगळेपण त्याच्या ये-जा करण्यात आहे, आणि ते समजायला मला माझ्या वडिलांची आठवण उपयोगी पडली. लहानपणी मी त्यांच्याबरोबर रात्री दारे धरायला जात असे, कारण शेतातली वीज रात्रीचीच असे. हातात बॅटरी आणि खोरे. पाटाने पाणी येई. एक वाफा भरला की त्याच्या तोंडाशी माती ओढायची आणि पुढच्या वाफ्याचे दार मोकळे करायचे. वेळ चुकली तर बांध फुटतो किंवा गहू तहानलेला राहतो. संग्राहक नलिकेतही दारेच धरायची असतात, मात्र तिथली रीत निराळी आहे. तिथली दारे उघडझाप करत नाहीत. ती पेशीच्या आत, लहान लहान पिशव्यांत तयार ठेवलेली असतात आणि गरज पडेल तेव्हा उचलून भिंतीत आणून बसवली जातात.

शरीरातले पाणी एक-दोन टक्के जरी कमी झाले तरी मेंदूतल्या काही पेशींना ते कळते. दोन गोष्टी होतात: तहान लागते, आणि व्हासोप्रेसिन नावाचे नऊ अमायनो आम्लांचे संप्रेरक रक्तात उतरते. पाठ्यपुस्तकातले प्रतिमूत्रल संप्रेरक ते हेच. ते संग्राहक नलिकेच्या पेशीवर रक्ताच्या बाजूने येऊन एका ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. ग्राही पेशीच्या आत निरोप देतो, एका विकरामार्फत ॲक्वापोरिनच्या साखळीतल्या २५६व्या जागेवरच्या सेरिन या अमायनो आम्लाला फॉस्फेटचा गट जोडला जातो, आणि ही खूण मिळताच पिशव्या नलिकेच्या बाजूच्या भिंतीला जाऊन मिळतात. काही मिनिटांत भिंत दारांनी भरते. पाणी आत येते आणि पलीकडच्या बाजूने, ॲक्वापोरिन-३ आणि ४च्या वाटांनी, रक्तात परतते. तुम्ही पोटभर पाणी प्यालात की संप्रेरक घटते, खूण पुसली जाते, भिंत आत वळते आणि दारे परत पिशव्यांत जातात. त्यातली काही पुन्हा वापरली जातात, काही मोडली जातात, आणि काही तर लघवीत निघून जातात, इतकी की निरोगी माणसाच्या लघवीत हे प्रथिन मोजता येते.

माझ्या भाचीच्या भिंतीत दारे बसत नव्हती. रुग्णालयात तिला व्हासोप्रेसिनसारखे काम करणारे औषध देऊन पाहिले. लघवी तशीच पातळ राहिली. म्हणजे मेंदूकडून निरोप येत होता, मूत्रपिंडात तो कोणी पाळत नव्हते. या आजाराचे जुने नाव नेफ्रोजेनिक डायबेटिस इन्सिपिडस. त्याच्या दर दहा जन्मजात रुग्णांपैकी नऊ जणांत दोष असतो तो ग्राहीच्या जनुकात, आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. इथे मूल मुलगी होती. डॉक्टरांनी कागदावरून मान वर करून बहिणीला विचारले, “तुम्ही दोघे नात्यातले का?”

जनुकाचा अहवाल यायला काही महिने लागले आणि त्याने डॉक्टरांचा अंदाज खरा ठरवला: दोष ग्राहीच्या नव्हे, दाराच्या जनुकात होता. एक्यूपी-२च्या दोन्ही प्रतींत एकाच जागी एकच अक्षर बदललेले होते. आमच्या आजोबांत किंवा आजीत ती बदललेली प्रत असणार. तिथून ती वडिलांकडे आणि आत्याकडे आली, त्यांच्याकडून बहिणीकडे आणि मेहुण्यांकडे, आणि एका मुलीत दोन्ही फांद्या पुन्हा भेटल्या. मी माझीही तपासणी करून घेतली. एक प्रत माझ्यातही आहे, आणि माझी तहान चारचौघांसारखीच आहे. अशा बदलांत बहुतेकदा प्रथिन तयार होते, पण त्याची घडी चुकते. पेशीच्या आतली तपासणीची यंत्रणा चुकलेली घडी ओळखते, तिला पुढे जाऊ देत नाही आणि मोडून टाकते. ज्याच्याकडे एक चांगली प्रत आहे त्याची चांगली प्रथिने आपापसांत चौकड्या करतात आणि काम निभावते. शेपटाकडच्या काही विरळ बदलांत मात्र बिघडलेले प्रथिन चौकडीत मिसळू शकते आणि सगळ्या चौकडीला भलत्या जागी ओढून नेते. चारही घटक चांगले असण्याची शक्यता तिथे सोळात एक एवढीच उरते, आणि म्हणून तिथे एक बिघडलेली प्रतही आजाराला पुरते. या जनुकातला दोष माणसात प्रथम दाखवला गेला तो १९९४ साली, नेदरलँड्समधल्या एका रुग्णात. त्याच्या दोन प्रतींत दोन निरनिराळे बदल होते.

अहवालानंतर घरात जे झाले ते लिहिणे मला जड जाते. नातेवाइकांतून बोलणी निघाली की आत्याच्या घरी दिली म्हणून हे झाले. आत्याने ती मनाला लावून घेतली आणि कितीतरी दिवस ती मुलीला मांडीवर घ्यायलाही कचरत होती. मी तिच्याशी बसून बोललो. आते-मामे भावंडांची जनुके सरासरी आठव्या हिश्शाने सामाईक असतात, आणि त्यामुळे अशा लग्नांत लपलेल्या प्रती जुळण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. ते लग्नाआधी सांगितले गेले पाहिजे, आणि मी आता माझ्या विद्यार्थ्यांना ते नीट, आकड्यांसह सांगतो. पण माहीत नसलेल्या अक्षराचा दोष कोणा माणसाला लावता येत नाही. धाकटा भाचा २०१९ साली झाला. त्याच्या वेळी धोका चारात एक होता. तो माझ्यासारखा एका प्रतीचा वाहक निघाला.

उपचार ऐकून आत्या बुचकळ्यात पडली होती, आणि खरे तर मीही. ज्या मुलीला लघवी फार होते तिला लघवी वाढवणारे थायझाइड औषध द्यायचे! त्याचा हा उपयोग १९५९पासून माहीत आहे. औषधामुळे शरीरातले मीठ थोडे घटते, रक्ताचे आकारमान किंचित कमी होते, त्यामुळे नलिकेचा पहिला भाग जास्त मीठ आणि त्याबरोबर जास्त पाणी परत घेऊ लागतो, आणि जिथे दारे नाहीत त्या शेवटच्या टप्प्यावर मुळात कमी पाणी पोहोचते. जेवणात मीठ कमी ठेवावे लागते, म्हणून बहिणीच्या घरी आता लोणचे आणि पापड सणापुरते. साखर मात्र त्यांनी उगाच बंद केली होती, कारण आजाराच्या जुन्या नावात ‘डायबेटिस’ हा शब्द होता; मधुमेहाशी त्याचा काही संबंध नाही, फक्त लघवी भरपूर होते एवढेच साम्य. आपल्या आयुर्वेदाने प्रमेहाच्या प्रकारांत पाण्यासारखी लघवी होणारा उदकमेह वेगळा नोंदवलेला आहे, हे मला फार पुढे कळले. २०२२ साली वैद्यकाच्या जगानेही जुने नाव बदलून ‘व्हासोप्रेसिनला प्रतिसाद नसणे’ अशा अर्थाचे नवे नाव सुचवले, आणि ते मला योग्य वाटते.

तरी या साऱ्या उपचारांच्या वर एक उपचार आहे, आणि तो म्हणजे हवे तेव्हा, हवे तेवढे पाणी. जो रुग्ण मनासारखे पाणी पिऊ शकतो त्याच्या रक्तातले सोडियम बहुतेक वेळा ठीक राहते. हे वाचले तेव्हा मला त्या दोन रात्री आठवल्या. भाचीच्या शरीरात मूत्रपिंड निरोप पाळत नव्हते, पण मेंदूतल्या त्या पेशी आणि त्यांनी लावलेली तहान अगदी अचूक होती. जितके पाणी जात होते तितकेच ती मागत होती, ना थेंब जास्त ना थेंब कमी. हौदाच्या काठाला ओठ लावून उभी असलेली ती दीड वर्षाची मुलगी आपला जीव स्वतः वाचवत होती, आणि आम्ही मोठी माणसे तिच्या शरीरातली नेमकी बरोबर चाललेली गोष्ट दुरुस्त करायला निघालो होतो. आत्याचे फुटक्या रांजणाचे बोलणे निदानाच्या किती जवळ होते! गळती खाली होती, तिने बरोबर पाहिले होते. फक्त त्यानंतर रांजणात पाणी घालत राहणे एवढेच करायचे होते.

भाची आता सहावीत आहे. दप्तरात दोन बाटल्या असतात, तिसरी वर्गशिक्षिकेच्या टेबलाखाली असते, आणि तास चालू असताना न विचारता उठण्याची तिला मोकळीक आहे. सुरुवातीला रुग्णालयाने रोजच्या पाण्याची नोंद मागितली होती. आत्याला लिहिता येत नाही, म्हणून तिने अर्ध्या लिटरचा एक तांब्या ठरवून टाकला आणि दर तांब्यामागे रांजणामागच्या भिंतीवर गेरूची एक रेघ ओढू लागली. सकाळी बहीण रेघा मोजून वहीत मांडी आणि ओल्या फडक्याने भिंत पुसून काढी. नोंदीची गरज केव्हाच संपली. गेल्या दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने तो लालसर डागही बुजवायला घेतला होता. आत्याने त्याला तिथे हात लावू दिला नाही.

या मे महिन्यात मी तिथे मुक्कामाला होतो. रात्री दोनच्या सुमारास तांब्याचा आवाज झाला म्हणून मी उठून पाहिले. भाची रांजणापाशी उभी राहून पाणी पीत होती, तिच्यामागे आत्या हातात गेरूचा खडा घेऊन थांबली होती, आणि भिंतीवर तोवर बारा रेघा होत्या.